पाण्यावरची जागा

लातूरच्या कापडबाजारात शिडाचं कापड मागणारा माझ्या नवऱ्याआधी कोणी गेला नसणार. दुकानदाराने विचारलं, मंडपाला पाहिजे का? ट्रॉलीवर टाकायला? हे शांतपणे म्हणाले, "होडीला पाहिजे." गादीवर बसलेली सगळी माणसं त्यांना सोडून माझ्याकडे बघायला लागली, निदान बाईने तरी चार शब्द समजुतीचे सांगावेत अशा नजरेने. मी साडीच्या काठाकडे बघत उभी राहिले. लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांना अजून रंगाचा वास होता, आमच्या क्वार्टरमध्ये नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेने, आणि या गृहस्थांना शीड शिवायचं होतं.

हे मूळचे उमरीकडचे. गोदावरीत पोहायला शिकले आणि त्या जोरावर नौदलात भरती झाले. तिथे सुट्टीच्या दिवशी शिडाची लहान होडी घेऊन नुसतं फिरायला जायची सोय असायची. कुठे पोचायचं नाही, काही आणायचं नाही, फक्त वाऱ्यावर जायचं आणि परत यायचं. नोकरीची मुदत संपली तशी माजी सैनिक म्हणून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली. मी शाळेत शिकवत होते. सरळ संसार सुरू व्हायला काही हरकत नव्हती, पण यांच्या डोक्यातून होडी जाईना.

होडी मिळाली ती निलंग्याकडच्या धरणावर, मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याची, टाकून दिलेली. फळ्या बदलल्या, डांबर फासलं. डोलकाठीला बांबू किनवटच्या जंगलातला आणला, एसटीच्या टपावर टाकून. कंडक्टर त्याचं भाडं किती लावावं यावरून नांदेडच्या स्टँडवर बराच वेळ वाद घालत होता. शीड शिंप्याने शिवलं ते मांजरपाटाचं. पहिल्या रविवारी ते वाऱ्याने फुगलं तेव्हा धरणाचा चौकीदार टोपी काढून उभाच राहिला. मला हसू आलं होतं. रागही आला होता, कारण त्या मांजरपाटात माझ्या शाळेतल्या पगाराचा वाटा होता.

यांचं दुसरं खूळ म्हणजे रजिस्टर. लाल कापडी बांधणीचं जाड रजिस्टर आणलं आणि त्यात रकाने आखले. वेळ, दिशा, वारा, खोली, शेरा. हे सुकाणू धरायचे आणि लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. नियम कडक होते. दिसेल ते लिहायचं, वाटेल ते लिहायचं नाही. आत्ताचं आत्ता लिहायचं, घरी जाऊन आठवून नाही. चुकलं तर खाडाखोड करायची नाही, चुकीवरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. मी वर्गात मुलांना इतकं छळत नव्हते. एकदा चिडून शेऱ्यात लिहिलं, "भाकरी भिजली." वाटलं हे ओरडतील. यांनी वाचलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. भिजलीच की."

धरणाच्या एवढ्याशा पाण्यात वाट कसली चुकणार, असं कोणीही विचारेल. मीही विचारायचे. पण होडी मौजेची असली तरी आम्ही एका ठिकाणी जायला निघत होतो, आणि ते ठिकाण पाण्याखाली होतं.

त्या पाण्याखाली माझं माहेर होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तिथे गेले होते. हे बोटीवर, कुठल्याशा लांबच्या समुद्रात. मुलगी झाली. एक रात्र माझ्या कुशीत होती, उजाडल्यावर थोडा वेळ होती, आणि मग गेली. दूध ओढायला तिला जमलंच नाही. तिचे कान यांच्यासारखे होते, पाळ्या गालाला चिकटलेल्या. माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तिला धडप्यात गुंडाळून नेलं आणि आमच्या शेताच्या तुकड्याच्या बांधाला, बाभळीखाली पुरलं. बाळंतिणीला कोण जाऊ देतं तिथे? मी आतल्या खोलीत पडून होते, अंगात दूध भरलेलं. यांना तार मिळाली ती महिने उलटल्यावर. तोवर धरणात पाणी अडवलं होतं, गाव उठून माळावर गेलं होतं, आणि बांध, बाभूळ, शेत सगळं बुडालं होतं. त्यानंतर माझी कूस पुन्हा उजवली नाही.

यांनी आपली मुलगी पाहिलीच नव्हती. निदान ती जिथे आहे तिथे एकदा उभं राहायचं, एवढंच यांना हवं होतं. बोलून दाखवलं ते एकदाच, तेही शीड शिवायला टाकल्यावर. त्यानंतर मी शिडाच्या खर्चाबद्दल तोंड उघडलं नाही.

दादांना यांनी काठावर नेलं. हातात पितळी होकायंत्र आणि पेन्सिल. "मामा, डोळे मिटा अन् सांगा. तिथं उभं राहिलं तर समोर काय दिसायचं?"

दादांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "समोर टेकडीची खिंड दिसायची. खिंडीत एकच झाड. उजव्या हाताला दर्ग्याचा घुमट, अन् घुमटाच्या मागं कारखान्याची चिमनी. घुमटानं चिमनी झाकली की समजायचं, बांध आला."

हे खूश झाले. समुद्रावर काठाजवळ आलं की असंच करतात म्हणे. दोन खुणा एकामागे एक दिसल्या की एक रेघ मिळते, आणखी एक खूण धरली की दुसरी, आणि जिथे रेघा एकमेकींना कापतात तिथे आपण. यांनी दादांना होडीत बसायचा आग्रह केला. दादा मागे सरले. "मला पान्याचं भ्या वाटतंय, पाव्हणं. तुमी जावा." आयुष्यभर विहिरी खोदलेला माणूस पाण्याला भितो, याचं मला नवल वाटलं होतं. पण म्हातारपणी माणूस कशालाही भितो, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मग आमचे रविवार तसेच जाऊ लागले. लातूरहून मोटारसायकलवर निघायचं. जिल्हा झाल्यावर नव्या गावावरून धरणापर्यंत डांबरी रस्ता झाला होता. गावाच्या तोंडाशी देवाच्या ओट्याला वळसा घालून रस्ता आमच्या वस्तीकडे यायचा. जुन्या गावात वस्ती उगवतीला होती, नव्या गावातही उगवतीलाच, मध्ये नाला सोडून. वळण संपलं की एका जागी रस्ता खचला होता, तिथे दर वेळी गचका बसायचा आणि मी यांचा खांदा घट्ट धरायची. दादांना जयभीम करायचा, चहा घ्यायचा आणि पाण्यावर जायचं.

घुमटाने चिमणी झाकली आणि खिंडीतलं झाड बरोबर नाकासमोर आलं, की हे शीड उतरवायचे. वल्ह्याने होडी तिथेच धरून ठेवायचे. मग दोरी सोडायची. दोरीच्या टोकाला किराणा दुकानातलं लोखंडी वजन, त्याच्या बुडाला साबणाचा तुकडा चिकटवलेला. विहिरीची दोरी मोजतात तशी, दोन्ही हात पसरून वावांनी, खोली मोजायची. वजन तळाला टेकलं की हे मला आकडा सांगायचे, पण दोरी लगेच ओढायचे नाहीत. बोटांत धरून बसायचे, डोळे कुठेतरी भलतीकडे. एवढाच काय तो त्यांचा हात तिला लागत होता. मला ते कळायचं आणि मी रजिस्टरात बघत राहायचे. मी क्वार्टरच्या अंगणातल्या कुंडीतली जाईची फुलं नेलेली असायची, ती पाण्यावर सोडायचे. वजन वर आलं की साबणाला तळाचा चिमूटभर गाळ लागलेला असायचा. हे तो कागदाच्या पुडीत बांधायचे, घरी आणून जाईच्या कुंडीत घालायचे. शेऱ्यात ते सांगायचे तेच लिहायचं. "थांबलो."

एका रविवारी माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाकी वाऱ्याचं एवढं कौतुक लिहिता, इथं फक्त थांबलो? लाज वाटत नाही का?" हे म्हणाले, "अजून काय झालं इथं? थांबलोच की." मी पुढचे कित्येक दिवस यांच्याशी धड बोलले नाही. पण शेरा बदलला नाही, आणि रविवारही चुकला नाही.

मग पाऊस ओढ देऊ लागला. एक पावसाळा कोरडा गेला, पुढचा नुसता शिंतडून गेला. लातूरमध्ये टँकर दिसला की घागरी घेऊन बाया पळायच्या, त्यात मीही असायची. निलंग्याकडचा ऊस उभा वाळला. शाळेत मुलं सुट्टीत पाणी प्यायला घरी जायची ती परत यायची नाहीत. आणि रजिस्टरातला खोलीचा रकाना दर रविवारी उतरत होता. वावावरून हातावर आला. सगळा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसला होता आणि आम्ही दोघं पाणी कधी आटतंय याची वाट बघत होतो. ही गोष्ट कोणाला सांगता येण्यासारखी नव्हती. टँकरच्या रांगेत एखादी बाई म्हणायची, "बाई, औंदा काय खरं न्हाई," आणि मी मान हलवायचे आणि मनात हिशोब करायचे की अजून किती उतरलं म्हणजे बाभळीचं खोड दिसेल. हे तर उतावीळ झाले होते. कचेरीत टंचाईच्याच फायली यांच्या टेबलावर, आणि घरी आले की माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारायचे, पुढचा रविवार?

त्या उन्हाळ्यात एका रविवारी होडी काठावरच कलंडून पडलेली होती. तिच्यापुढे लांबपर्यंत भेगाळलेली जमीन, आणि पाणी म्हणजे पार पलीकडे भिंतीजवळ एक हिरवट डबकं.

हे दादांच्या घरी गेले. "मामा, आता पाणी न्हाई. आता चला."

दादा उठेनात. पाय दुखतात म्हणाले, ऊन आहे म्हणाले. यांनी स्वतःच्या हाताने दादांच्या डोक्याला पंचा गुंडाळला. आम्ही तिघं त्या कोरड्या तळात उतरलो. हे पुढे, हातात होकायंत्र, होडीत असल्यासारखे पाय जपून टाकत. मी रजिस्टर काखेत धरून. दादा मागे, थांबत थांबत. जागोजागी शिंपले पांढरे पडले होते. घुमटाने चिमणी झाकली. खिंडीतलं झाड समोर आलं. हे थांबले आणि खाली बघितलं.

बांध होता. गाळाने अर्धा झाकलेला, पण बांध होता, आणि बाभळीचं काळं खोड होतं, यांच्यापासून हाताच्या अंतरावर. वर्षानुवर्षं आम्ही पाण्यावरून बरोबर तिथेच येऊन थांबत होतो.

हे खाली बसले. आधी चप्पल काढून लांब ठेवली. मग तळहात जमिनीवर ठेवला, सबंध तळहात, आणि तसेच राहिले. मी यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. नौदलातून आलेला माणूस, खांदे हलू न देता रडत होता. मीही शेजारी बसले. मला इतकं हलकं वाटत होतं, की आता काही मागायचं उरलं नाही असं वाटलं. यांनी खिशातून नवा पांढरा रुमाल काढला, घडी उलगडली आणि खोडाजवळची माती त्यात भरायला सुरुवात केली.

"पाव्हणं," दादा म्हणाले. "नका."

यांनी वर बघितलं.

"तिथं न्हाई ती."

मला वाटलं उन्हाने दादांना भोवळ आली. मी उठून त्यांना धरायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि जमिनीकडे बघत बोलत राहिले.

"धरणात पानी सोडनार म्हनून दवंडी झाली. सारे आपापलं काढून नेऊन राहिले होते. कुनी दारं नेली, कुनी देव नेले, कुनी वासे नेले. म्या इचार केला, ही एकलीच मागं ऱ्हाती. वरून एवढं पानी. लेकराला थंडी वाजंल. येडा इचार. समजतंय मला. पन तवा तसं वाटलं. म्या तिला काढलं अन् वर नेलं. नव्या गावाच्या माळाला लिंब होता, त्याच्या बुडाला ठिवलं."

"अन् मला सांगितलं नाहीत?" मी ओरडलेच. "दादा, यांनी विचारलं तेव्हा तरी?"

"त्यांनी इचारलं, कुठं पुरलं. म्या सांगितलं, हितं पुरलं." मग त्यांचा आवाजच फुटला. "उकरून काढलं म्हनून कोनत्या तोंडानं सांगू, बाई? बाप हाय मी तुजा."

हे रुमाल हातात तसाच धरून उभे राहिले. ओरडले नाहीत. "लिंब कुठं हाय, मामा? मी बघितला न्हाई तिथं लिंब."

"तोडला."

"कोणी?"

"रस्ता आला न्हाई का जिल्ह्याचा." दादा आता खालीच बसले. "चुना टाकून गेले, तवा म्या मुकादमाच्या पाया पडलो. खोटंच म्हनलो, हितं नागाचं वारूळ हाय, जरा बाजूनं घ्या. तो हसला. देवाच्या ओट्यासाठी वळवला त्यांनी, माझ्या वारुळासाठी कोन वळवतंय? अन् खरं सांगावं तर इचारलं असतं, कुनाचं हाय, कवा पुरलं. पुन्यांदा उकरा म्हनले असते. पुन्यांदा माझ्यानं झालं नसतं."

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. वळण, आणि वळणानंतरचा गचका. दर रविवारी जाताना एकदा, येताना एकदा, आणि त्या गचक्याला मी यांचा खांदा धरायची. आम्ही तिला भेटायला जाताना तिच्यावरून जात होतो. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधी काढला नव्हता, ती गेली त्या सकाळीसुद्धा नाही. दादांनी कानांवर हात ठेवले.

यांनी रुमालातली माती जिथली तिथे ओतली, रुमाल झटकला, घडी केली. मग दादांपुढे वाकून म्हणाले, "मामा, उठा. चला, दाखवा." आणि त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. सगळ्यांत जास्त माया मला त्या क्षणी यांच्याबद्दल वाटली, लग्न झाल्यापासून कधी वाटली नव्हती तेवढी.

ओट्याच्या वळणापुढे रस्ता खचला होता तिथे आल्यावर दादांनी काठीने जागा दाखवली. "डावीकडं का उजवीकडं?" यांनी विचारलं. दादा म्हणाले, "मधोमध." हे भर रस्त्यात उभे राहिले आणि सवयीने होकायंत्र वर धरलं. तिथून खिंड दिसत नव्हती. घुमट दिसत होता, चिमणी त्याच्यापासून पार बाजूला. यांनी एकेक दिशा सांगितली आणि मी लिहिली. खोलीच्या रकान्याशी मी अडखळले. मग मी तो मोकळाच सोडला. शेऱ्यात लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात मागून एसटी आली आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आम्ही हललो नाही. त्याने पुन्हा वाजवला, मान बाहेर काढून काहीतरी बोलला. मग दादांनीच आम्हा दोघांना दंडाला धरून बाजूला केलं आणि गाडी निघून गेली.

त्या आठवड्यात मी यांना म्हटलं, "रजिस्टरमधल्या त्या सगळ्या नोंदींवर रेघ मारायची ना? चुकल्या त्या." हे कचेरीचे कपडे काढत होते. म्हणाले, "जागा बरोबर होती. अन् आपण थांबलोही होतो. चूक कुठं हाय त्यात?" यांनी कुठेच रेघ मारली नाही. जाईची कुंडी मात्र मी मागच्या दारी नेऊन ठेवली. ती माती म्हणजे नुसता धरणाचा गाळ होता, हे आता मला माहीत होतं. पाणीही घातलं नाही तिला. पाणी नव्हतंच म्हणा तेव्हा. चार दिवसांनी बघितलं तर हे दाढीचं पाणी नेऊन तिच्यात ओतत होते.

पुढच्या वर्षी धरण भरलं. होडी यांनी त्या मासे धरणाऱ्या म्हाताऱ्यालाच परत दिली, शीड आणि डोलकाठीसकट. शिडाच्या कापडाचे त्याच्या घरच्यांनी पोरांना कपडे शिवले असं ऐकलं. यांनी त्यानंतर मोटारसायकल त्या रस्त्याने कधी नेली नाही. दादांना भेटायला जायचं तर वस्तीच्या मागच्या बाजूने, शेतातून, गाडी ढकलत जायचं. दादा गेले तेव्हा आधी सगळे खांदेकरी सरळ रस्त्याने निघाले होते. हे पुढे झाले आणि कोणाला कारण न सांगता सगळ्यांना नाल्यातून घेऊन गेले. लोक कुरकुरले. काहींनी विचारलंही, पाव्हणं असं का करून राहिले? हे पुढे चालत राहिले.

आता हेही नाहीत. रजिस्टर माझ्या कपाटात आहे, फारसं उघडत नाही. भावाच्या मुलांकडे काही कार्य असलं की लातूरहून एसटीने जाते. शेतातून चालत जायचं आता माझ्याने होत नाही. रस्ता दोनदा रुंद झाला, वर डांबराचे थर चढले, पण ती जागा दर पावसाळ्यात खचतेच. गाडी ओट्याचं वळण घ्यायला लागली, की मी चपला काढते आणि दोन्ही पाय उचलून सीटवर घेते. गचका बसतो. शेजारची बाई विचारते, "पायात गोळा आला का, आजी?" मी हो म्हणते.